पालात्सो मादामाच्या भिंतीवरचा सिसेरो

इटलीच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे सेनेटचे, कामकाज १८७१ पासून रोममधील पालात्सो मादामा या वाड्यात चालते. वाडा मूळचा मेदिची घराण्याचा. सम्राट पाचव्या चार्ल्सची कन्या मार्गारेट येथे राहत असे आणि ‘मादामा’ हे नाव तिच्यावरूनच पडले. पुढे तो पोपच्या सरकारकडे गेला आणि रोम एकसंध इटलीत सामील झाल्यावर सेनेटच्या वाट्याला आला. मला लिहायचे आहे ते तेथील एका दालनाविषयी, जे सिएनाच्या चेझारे माक्कारी या चित्रकाराने १८८० च्या दशकात भित्तिचित्रांनी सजवले.

त्यातील एक चित्र, चित्रकाराचे नाव ठाऊक नसलेल्यांनीही कुठे ना कुठे पाहिलेले असते. डावीकडे प्राचीन रोमचा प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी, पांढऱ्या केसांचा सिसेरो उभा राहून भाषण करतो आहे, अर्धवर्तुळाकार बाकांवर सदस्य दाटीने बसले आहेत आणि उजवीकडे, भोवतीची आसने रिकामी पडलेली असताना, रोमची सत्ता उलथवण्याच्या कटाचा सूत्रधार कॅटिलाइन मान खाली घालून एकटा बसला आहे. ती रिकामी आसने माक्कारीने मनाने रचलेली नाहीत, कारण तू येताच तुझ्या जवळचे बाक ओस पडले, असे सिसेरोने आपल्या भाषणातच म्हटले आहे.

बाकीच्या बाबतीत मात्र चित्रकाराने इतिहासाला बरेच वळवून घेतले आहे. इ.स.पूर्व ६३ मधील ती बैठक ज्युपिटर स्टेटरच्या मंदिरात भरली होती, आणि रोमन सेनेटच्या नेहमीच्या सभागृहातही बाकांच्या रांगा समोरासमोर असत, अर्धवर्तुळात नव्हे. सिसेरो त्या वेळी अवघा त्रेचाळीस वर्षांचा होता आणि कॅटिलाइन त्याच्याहून थोडा मोठाच असावा. चित्रात मात्र एक वृद्ध दिसतो आणि दुसरा तरुण. अर्धवर्तुळाचे कारण मला तरी उघड दिसते: पालात्सो मादामाचे सभागृहच तसे आहे. माक्कारीने आपल्या काळाची आसनव्यवस्था प्राचीन रोमला बहाल केली, आणि चित्राची छाप अशी पडली की आज रोमन सेनेट म्हटले की तेच अर्धवर्तुळ डोळ्यांपुढे येते.

इतर चित्रांचे विषय पाहिले की निवडीमागचा हेतू कळतो. अंध आणि वयोवृद्ध आप्पियस क्लॉडियसला हाताला धरून सभागृहात आणले जात आहे. रोमशी लढणाऱ्या पिऱ्हस या ग्रीक राजाशी तह करू नका, हे सांगायला तो आला आहे. रोमन सेनापती रेग्युलस शत्रूच्या, म्हणजे कार्थेजच्या, कैदेत परत निघाला आहे, कारण शत्रूला दिलेला शब्द त्याला जिवापेक्षा मोठा वाटतो. वृद्ध पॅपिरियस रोममध्ये घुसलेल्या गॉल सैनिकापुढेही आसनावरून हलत नाही. रोमन सेनापती क्युरियस डेंटाटस सॅम्नाइट या शत्रू जमातीच्या दूतांनी देऊ केलेले सोने नाकारतो. कथा सांगते की ते आले तेव्हा तो चुलीपाशी सलगम शिजवत बसला होता. मला या मालिकेत हाच विषय सर्वांत आवडतो, जरी कीर्ती सगळी सिसेरोच्या वाट्याला गेली असली.

गंमत अशी की हे बाणेदारपणाचे धडे ज्यांच्यासाठी रंगवले गेले, ते सदस्य निवडून आलेले नव्हते. राजघराण्यातील राजपुत्र सोडले तर त्या काळी सेनेटवर राजाच तहहयात नेमणुका करत असे. निवडून येणारे सेनेट १९४८ मध्ये प्रजासत्ताकाच्या राज्यघटनेने आणले. आपल्याकडे मंत्रिमंडळ केवळ लोकसभेला जबाबदार असते, राज्यसभेला नाही. इटलीत मात्र सरकारला दोन्ही सभागृहांचा विश्वास मिळवावा लागतो आणि कायदे करण्यातही दोघांचा अधिकार समान आहे. सेनेटचे हे अधिकार कमी करण्याचा प्रस्ताव २०१६ च्या सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. २०२० च्या सार्वमतात मात्र त्याच मतदारांनी निर्वाचित सदस्यांची संख्या ३१५ वरून २०० वर आणायला मान्यता दिली आणि २०२२ च्या निवडणुकीपासून ती अमलात आली.