गोरेवाड्यात शेण पाहायला

नागपूरच्या काटोल रोडवरून गोरेवाड्याच्या जंगलाला पोचलो तर गेटवर जो तो एकच विचारून राहिला होता, वाघ दिसते का? अरे बाबा, वाघ पाहायचा तर बाजूला ती सफारी आहे ना, 2021 च्या 26 जानेवारीला सुरू झालेली, तिथं कुंपणातला वाघ बसमधून दाखवतात. इकडच्या जंगलात बिबट आहे, पण तो काही तुमचं तिकीट बघून येत नाही.

तलावाचं काय लिहू, 1912 पासून शहराला पाणी पाजतो, पाणकावळे बसले होते, झालं. खरी मजा पुढं सागात आली. ऑक्टोबर असूनही पानांची नुसती जाळी झालेली, मला वाटलं ऊन्हानं करपली, तर गाईड म्हणे अळ्या हिरवा भाग खाऊन टाकतात अन् शिरा तेवढ्या ठेवतात, झाड मरत नाही त्यानं. मग वळणावर तो थांबला अन् एका ढिगासमोर उकिडवाच बसला. लेंड्या! खाली वाळलेल्या राखाडी, वर ताज्या, काळ्या, चमकणाऱ्या, म्हणजे जनावर आज सकाळीच येऊन गेलं.

आमच्या ग्रुपमधली एक बाई लगेच, "शेण पाहायला पैसे दिले का आपण?" आणि पोरगं मोबाईलवर गाणी लावून मोकळं. मला इतका राग आला ना, जंगलात येऊन स्पीकर लावणाऱ्यांना परत गेटवरच सोडून द्यायला पाहिजे.

पण मागून एक धोतरवाले काका पुढं आले, नरखेडकडचे, लेकाकडे आलेले. "रोही आहे हे," म्हणे. "लय शिस्तीचं जनावर, येईन तर त्याच जागी हागीन. नर मंग वर आपली भर टाकते, म्हणजे हा इलाका माहा." गाईड मान हलवून राहिला. तो म्हणाला नीलगाय म्हणतात पण गाय नाहीच ती, चौशिंग्याची जवळची नातेवाईक आहे, आणि निळसर फक्त नर असतो, मादी भुरकट. काका म्हणाले, "रंग कोन पायते भाऊ अंधारात, माह्या तुरीचे शेंडे खाऊन जाते ते पायतो." मग जागलीच्या गोष्टी सुरू झाल्या, रात्रभर डबे वाजवायचे, फटाके फोडायचे, अन् पहाटे जरा डोळा लागला की कळप वावरात. स्पीकरवाल्या पोरानं पण गाणं बंद करून ऐकलं बरं का. माझ्या मते तिकिटाचे निम्मे पैसे काकांना द्यायला हवे होते.

रोही काही दिसलं नाही शेवटपर्यंत. एक मोर दिसला, तोही पाठमोरा.

बाहेर आल्यावर काका गाईडला म्हणाले, "तुम्ही त्याले दाखवाचे पैसे घेता, आमचे हाकलाले जाते. धाडू का दोन ट्रक?" आणि आमच्या वहिनीला आमंत्रण, थंडीत हुरडा खायला या पोरी, पन रातच्याले जागलीवर बसा लागन.