कौतुकाचा रकाना

मराठी माणूस तक्रार फार नेटकी करतो. तारीख, वेळ, आसन क्रमांक, सोबत पावतीची झेरॉक्स आणि खाली 'प्रत माहितीसाठी' म्हणून दोन-तीन वरिष्ठ. तोच माणूस कौतुक करायला बसला की लेखणी अडखळते. 'वाईट नव्हतं.' 'नावं ठेवायला जागा नव्हती.' आमच्या घरात स्वयंपाकाचं सर्वोच्च कौतुक 'मीठ बरोबर पडलंय' हे आहे. करणारीला तेवढ्यानं भरून येतं, कारण त्या तीन शब्दांची किंमत तिला ठाऊक असते. विमानात आपली सरबराई करणाऱ्या मुलीला ती कुठून ठाऊक असणार?

विमान जमिनीला टेकून थांबतं न थांबतं तोच बेल्टचे खटके वाजतात आणि सगळे उभे राहतात. दार उघडायला अवकाश असतो, तरी वरच्या कप्प्याखाली मान वाकडी करून उभं राहायचं, हा नियम आपण निष्ठेनं पाळतो. मग रांग सरकते. दाराशी दोघीजणी हात जोडून प्रत्येकाला नमस्कार करत असतात. आपल्या एका कानाशी फोन ('हो, उतरलो, बॅगा घेतो नि येतो'), एका हातात पिशवी आणि नजर पुढच्याच्या टाचेवर. त्या नमस्काराला उत्तर देतात ती लहान मुलं आणि म्हातारी माणसं. मधल्या वयाच्या लोकांना बहुधा तो विमानाच्या दाराचाच एक भाग वाटतो.

आता तिच्या बाजूनं हिशेब मांडून बघा. आपल्याकडे दर 50 आसनांमागे किमान एक केबिन क्रू असा दंडक आहे. म्हणजे 180 आसनांच्या एअरबस ए320 मध्ये चौघं. मुंबई-नागपूरसारखं छोटं उड्डाण असलं की चढण्याउतरण्याचा वेळ वजा जाता हातात जेमतेम पाऊण तास उरतो. तेवढ्यात ट्रॉली पुढून मागे न्यायची, उपम्याच्या कपात गरम पाणी ओतायचं, 'हे व्हेजच आहे ना?' या प्रश्नाला प्रत्येक रांगेत नव्यानं उत्तर द्यायचं, बाळाच्या बाटलीला कोमट पाणी आणायचं आणि शेवटी मोठी पिशवी घेऊन सगळ्यांचा कचरा गोळा करायचा. आपण उतरलो की अर्ध्या-पाऊण तासात त्याच विमानात नवे 180 जण चढतात, आणि त्यांनाही उपमा हवा असतो.

काही जण विमान टेकलं की टाळ्या वाजवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, पण त्या टाळ्या वैमानिकासाठी असतात आणि 2001 नंतर कॉकपिटचं दार इतकं भक्कम झालंय की टाळ्यांनी आत जावं कसं! त्या वेळी क्रूच्या मुली आपल्याकडे तोंड करून घडीच्या खुर्चीवर गप्प बसलेल्या असतात. ते गप्प बसणं म्हणजे विश्रांती नव्हे. उड्डाण करताना आणि उतरताना मनातल्या मनात उजळणी करायची त्यांना शिकवण असते: आत्ता काही झालं तर आपलं दार कोणतं, बाहेर आग नाही ना हे कसं बघायचं, काय ओरडायचं, मदतीला हाताशी धडधाकट माणूस कोण. तेव्हा आभार मानण्यासाठी नेमकी ती वेळ साधून घंटी दाबू नये. ट्रॉली परत गेली आणि विमान अजून खाली यायला लागलेलं नाही, ती मधली दहा मिनिटं खरी कौतुकाची.

त्या दहा मिनिटांचा सदुपयोग एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेला मी शेजारी बसून पाहिला. मागच्या रांगेत एक तान्हं बाळ कानाला दडे बसल्यामुळे आकांत करत होतं आणि त्याची आई रडकुंडीला आली होती. क्रूमधल्या एका मुलीनं तिला बाळाला पाजायला सांगितलं, मधल्या वाटेत स्वतः आडोसा धरून उभी राहिली आणि पलीकडच्या आजोबांना हळूच खिडकीकडे बघायला लावलं. बाळ शांत झालं. सरांनी हे सगळं चष्म्यावरून पाहिलं आणि खिशातून पेन काढलं. कागद मात्र नव्हता, कारण हल्ली बोर्डिंग पास फोनमध्ये असतो. मग त्यांनी समोरच्या कप्प्यातली उलटीची पांढरी पिशवी घेतली आणि तिच्या पाठीवर, फळ्यावर लिहावं तशा अक्षरात, चार ओळींचं प्रशस्तिपत्र लिहिलं. खाली डावीकडे दिनांक आणि 'स्थळ : आकाश'. पिशवी पुढे केल्यावर त्या मुलीनं ती दोन बोटांत, शरीरापासून लांब धरून घेतली. तिचंही बरोबरच होतं; तिच्या नोकरीत ती पिशवी रिकामी परत येत नाही. सर म्हणाले, 'अगं, वाच.' तिनं वाचली, दुमडली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

तो कागद तिच्या घरी कुठल्यातरी डायरीत जपून राहील, पण तिच्या ऑफिसात त्याची नोंद होणार नाही. तोंडी आभारांनी माणसाचा दिवस बरा जातो, नोकरीत उपयोग होतो तो वरच्यांच्या हाती पडलेल्या लेखी आभारांचा. कंपनीला अभिप्राय पाठवला तर नावानिशी आलेलं कौतुक त्या कर्मचाऱ्याच्या नोंदीला लागतं. मात्र 'स्टाफ छान होता, धन्यवाद' असं लिहाल तर ते कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. उड्डाण क्रमांक, तारीख, कुठून कुठे, आपलं आसन, तिचं नाव आणि तिनं नेमकं काय केलं, एवढं हवंच. छातीवरच्या पट्टीवर पहिलं नाव असतं, आणि त्या दिवशी विमानात दोन स्नेहा असल्या तर 'मागच्या दाराकडची' हेही लिहावं. मुख्य क्रू सुरुवातीच्या घोषणेत स्वतःचं नाव सांगते, पण तेव्हा आपण फोनवरचा शेवटचा मेसेज पाठवत असतो.

अजून एक. कौतुक कामाचं करावं. 'हसतमुख', 'गोड', 'देखणी' हे शब्द स्थळ बघून आल्यावर ठीक. 'चौदाव्या रांगेतल्या मधुमेही आजोबांना घाम फुटलेला तिनं आमच्याआधी ओळखला आणि साखर आणून दिली' या वाक्यापुढे 'स्मायलिंग फेस' अगदी फिका पडतो. पुरुष क्रूला कुणी 'देखणा' लिहीत नाही, त्याला नुसतंच 'हेल्पफुल' म्हणतात, म्हणजे त्याच्या बाबतीत चुकून बरोबर होतं.

या कलेतले आपले थोर पूर्वज जे. आर. डी. टाटा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी त्यांनी टपालाची थैली घेऊन कराचीहून जुहूला स्वतः विमान आणलं, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढे एअर इंडियाचे अध्यक्ष असताना ते प्रवासी म्हणून बसायचे तेव्हा बारीकसारीक टिपून ठेवत आणि उतरल्यावर ती टिपणं संबंधितांकडे धाडत. चहाचा आणि कॉफीचा रंग ओळखू येईनासा झालाय इथपर्यंत त्यांची नजर जायची. आपण अध्यक्ष नाही, आपली टिपणं ऐकून कुणी चहा बदलणार नाही. पण 'अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, अमुक' ही शिस्त उचलायला अध्यक्षपद लागत नाही.

अमेरिकेतल्या कंपन्यांनी यावर एक सोपा तोडगा काढला. डेल्टा, अमेरिकन यांच्यासारख्या कंपन्या आपल्या नेहमीच्या प्रवाशांना कौतुकाच्या चिठ्ठ्या देत आल्या आहेत. काम आवडलं की नाव लिहून चिठ्ठी त्या कर्मचाऱ्याच्या हातात द्यायची, पुढचं तो आणि त्याची कंपनी बघून घेतात. अटलांटाला असलेला माझा भाचा या चिठ्ठ्या अगदी हात राखून वापरायचा, जणू लग्नातली आहेराची पाकिटं. 'अरे, दे ना, वर्ष संपलं की वाया जातील,' म्हटलं तर म्हणाला, 'तेवढं भारी काम दिसायला पाहिजे ना, मावशी.' मुलगा अमेरिकेत वाढला, पण रक्त सदाशिव पेठेतलं.

तिकडचे काही प्रवासी क्रूसाठी चॉकलेटचं पाकीट घेऊन चढतात. आपल्याकडे न्यायची तर बाकरवडी न्यावी, पण दुकानातलं सीलबंद पाकीट. घरचे बेसनाचे लाडू कितीही साजूक तुपातले असले तरी अनोळखी माणसाच्या डब्यातलं काही त्यांनी खाऊ नये हेच शहाणपणाचं. जिथे एकाच जेवणानं दोघं आजारी पडू नयेत म्हणून कॅप्टन आणि सहवैमानिक सहसा वेगवेगळं जेवण घेतात, तिथे तुमच्या लाडवाचा काय पाड! पाकीट घ्यायचं की नाही हे कंपनीच्या नियमावर. 'नाही चालत' म्हणाली तर आग्रह करू नये. आग्रह पंगतीत.

आणि पैसे नकोत, वस्तू नकोत असा एक आभाराचा प्रकार आहे, तो आपण सपशेल टाकलाय. सुरुवातीला ती मधल्या वाटेत उभी राहून बेल्ट, मास्क आणि दारं दाखवते, तेव्हा तिच्याकडे बघायचं. 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए350 उतरताना तटरक्षक दलाच्या छोट्या विमानावर आदळलं आणि पेटलं. छोट्या विमानातले पाच जण गेले. मोठ्या विमानात 367 प्रवासी आणि 12 कर्मचारी होते. आतली ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडली होती, म्हणून क्रूनं कर्णे घेऊन आणि नुसत्या घशानं ओरडून सूचना दिल्या. आगीमुळे बहुतेक दारं वापरता येत नव्हती. कोणती उघडायची आणि कोणती अजिबात नाही, हे त्यांनी त्या धुरात ठरवलं. 379 च्या 379 जण बाहेर आले. प्रवाशांनी एकच मोठी गोष्ट केली, वरच्या कप्प्यांना हात लावला नाही. ते वाचल्यापासून उपमा देणाऱ्या मुलीकडे बघताना माझ्या मनात उपमा दुसऱ्या नंबरवर असतो. तिची खरी नोकरी ती, जी तिला कधीच करावी लागू नये.

खिडकीशी बसणाऱ्यांसाठी एक जास्तीचं. विमान मागे ढकलून झालं की कानांवर जाड हेडफोन चढवलेला एक माणूस बाजूला चालत जातो, लाल फीत लावलेली पिन हातात उंच धरून कॉकपिटला दाखवतो आणि हात करतो. पुढच्या चाकाची ती पिन काढली, आता तुम्ही मोकळे, असा त्याचा अर्थ. मुंबईच्या जुलैमधल्या पावसातही तो रेनकोट घालून हेच करतो. त्याला खिडकीतून हात करणारी मुलं मी पाहिली आहेत. त्याचं नाव मात्र घोषणेत येत नाही आणि पट्टीवरही दिसत नाही.

व्हीलचेअर ढकलणाऱ्यांचंही तेच. परदेशातल्या लेकी-सुनांकडे बाळंतपणाला निघालेल्या मराठी आयांचा अर्धा प्रवास यांच्या हातात असतो. ही मुलं बहुतेकदा कंत्राटदाराची, विमानकंपनीची नव्हेत. आमच्या आईला मुंबईला असाच एक मुलगा भेटला. 'आजी, पाय वर घ्या, पट्टी येतेय,' असं प्रत्येक उंचवट्याआधी सांगणारा. सुरक्षा तपासणीत तिच्या बांगड्यांनी यंत्र ओरडलं तेव्हा घाई न करता थांबला, तिची चप्पल स्वतः उचलून आणली, आणि गेट बदलल्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा नेलं. गेटवर आईनं बटव्यातून घडी घातलेली नोट काढली. त्यानं वर छताकडे नजर टाकली आणि हळूच म्हणाला, 'नको आजी, कॅमेरा आहे.' मग आईनं राजगिऱ्याची वडी काढली. तिच्याबद्दल कॅमेऱ्याचं काही म्हणणं नसावं, कारण ती त्यानं घेतली.

घरी आल्यावर आई म्हणाली, 'त्या पोरासाठी चांगलं लिही काहीतरी.' मी कंपनीच्या फॉर्मवर गेले. काही कंपन्यांच्या यादीत अगदी तळाशी का होईना, 'प्रशंसा' असा पर्याय असतो. या यादीत सामान हरवलं, सामान फुटलं, परतावा, विलंब, कर्मचाऱ्याचं गैरवर्तन आणि 'इतर' एवढंच होतं. 'इतर' निवडलं. तारीख, गेट, वेळ, त्याचं नाव, पट्टी, चप्पल, सगळं लिहिलं. खाली आईनं 'बाळाचं कल्याण होवो' जोडायला लावलं.

मिनिटभरात उत्तर आलं. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, तक्रार क्रमांक हा, आमचा प्रतिनिधी लवकरच संपर्क साधेल. आम्ही 'गैरसोय झालेली नाही, हे कौतुक आहे, कृपया संबंधितांच्या वरिष्ठांना कळवा' असं पुन्हा लिहिलं. काही दिवसांनी दुसरं पत्र आलं: आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं असल्यानं ती बंद करत आहोत. आमच्या सेवेला आपण किती तारे द्याल?

मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'पाच दे. तक्रार नव्हती तरी मिटवली बिचाऱ्यांनी.'