ट्यूटरने नाकारलेली ओळ

आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाच्या पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही एक ऑनलाइन ट्यूटर, म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम तपासून सूचना देणारे सॉफ्टवेअर, वापरतो. दिलेल्या संख्येतला सर्वांत मोठा अंक शोधण्याचा प्रश्न चालू असताना एका विद्यार्थिनीने मला बोलावले. "मॅडम, उत्तर बरोबर येतंय, पण हे पुढेच जाऊ देत नाही." तिने संख्येची स्ट्रिंग (अक्षरचिन्हांची माळ) करून तिच्यावर थेट सर्वांत मोठे चिन्ह निवडणारे मॅक्स फंक्शन लावले होते आणि प्रोग्रॅम एका ओळीत आटोपला होता. ट्यूटरला मात्र दहाने भागून बाकी काढत जाणारा व्हाइल लूपच, म्हणजे अट खरी असेपर्यंत तीच कृती पुन्हा करणारा कोडचा भागच, हवा होता. तो तिला सूचनांमागून सूचना देऊन तिकडे वळवू पाहत होता, आणि प्रत्येक नकारासरशी तिच्या 'लूप' या कौशल्याची पट्टी खाली घसरत होती.

अशा ट्यूटरांची पद्धत कार्नेगी मेलन विद्यापीठात जॉन अँडरसन यांच्या गटाने १९८०च्या दशकात लिस्प ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकवण्यासाठी घडवलेल्या लिस्प ट्यूटरपासून चालत आलेली आहे. विद्यार्थ्याचे प्रत्येक पाऊल आधीच लिहून ठेवलेल्या बरोबर आणि चुकीच्या नियमांशी ताडून पाहिले जाते. त्यामुळे नेहमीची चूक चटकन पकडली जाते, पण नियमांत न बसणारे पाऊल, ते कितीही योग्य असले तरी, ओळखू येत नाही.

ट्यूटर शेवटच्या सूचनेत पूर्ण उत्तर दाखवतो. ते उघडून मी तिला दोन्ही प्रोग्रॅमना उणे ४७२ ही संख्या द्यायला सांगितली. तिच्या ओळीने ७ दिले, कारण संगणकाच्या अक्षरचिन्हांच्या (कॅरेक्टरच्या) क्रमात वजाचे चिन्ह सगळ्या अंकांच्या आधी येते. ट्यूटरच्या उत्तराने शून्य दाखवले. 'संख्या शून्याहून मोठी असेपर्यंत' या अटीमुळे त्याचा लूप एकदाही फिरला नव्हता. शेजारची मुले खुर्च्या ओढून बघायला आली.

तरीही सगळा दोष ट्यूटरच्या माथी मारणे मला पटत नाही. मॅक्सने काम भागवणाऱ्या मुलीला लूप येतो की नाही, हे त्या ओळीवरून मलाही सांगता आले नसते. आक्षेप एवढाच, की जे कळले नाही ते त्याने 'येत नाही' म्हणून नोंदवले. "मॅक्स नाहीच असं समज, मग काय करशील?" असे विचारल्यावर तिने वहीत फॉर लूप लिहून दाखवला.

संध्याकाळी मी तिची नोंद दुरुस्त केली आणि प्रश्नाचे दोन भाग केले: पहिल्यात कोणतीही रीत चालेल, दुसऱ्यात मॅक्स वापरायचे नाही. तपासणीच्या संख्यांत उणे ४७२ घातल्यावर ट्यूटरचे स्वतःचे उत्तर नापास झाले, म्हणून त्यात आधी चिन्ह काढून टाकणारी एक ओळ वाढवावी लागली.