कारणाचा रकाना

जंगलातल्या झाडांच्या इजा नोंदवायला मी शिकले, त्यात घेर मोजणं अर्ध्या दिवसात जमलं. 1.37 मीटर उंचीवर फीत गुंडाळायची, क्रमांक टाकायचा, मग बुंध्यापासून शेंड्यापर्यंत झाड न्याहाळायचं. अडलं ते ‘कारण’ या रकान्यापाशी.

पहिल्या दिवशी खोडाला भोकं दिसली की मी ‘खोडकिडा’ लिहीत सुटले. संध्याकाळी वही तपासताना मला हे काम शिकवणाऱ्या ताईंनी एवढंच विचारलं, “आधी किडा आला, की आधी जखम झाली?”

दुसऱ्या दिवशी त्याच झाडांपाशी गुडघे टेकून बसले. बुंध्याला तळाशी रुंद, वर निमुळती होत गेलेली उघडी जागा. आत काळवंडलेलं लाकूड, दोन्ही कडांना नव्या लाकडाच्या जाड वळ्या. भोकं होती ती फक्त या उघड्या लाकडात, धड सालीत एकही नाही. आणि अशी जवळजवळ प्रत्येक जखम चढाच्या अंगाला! किडा कशाला बाजू बघून येईल? उतारावर वणवा खालून वर चढतो. घरंगळलेला पाचोळा बुंध्याच्या वरच्या अंगाला अडकून राहतो आणि ज्वाळाही खोडाला वळसा घालून तिथेच रेंगाळतात. सालीखालचा वाढीचा थर साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापला की मरतो. पुढे तिथली साल गळून पडते आणि मग बुरशी, किडे आत शिरतात.

शिवाय झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स शायगो यांनी 1977 मध्ये हे नीट मांडलं: झाड कुजका भाग आतल्या आत कोंडून टाकतं आणि त्याच्याभोवती नवं लाकूड वाढवतं. हे कळल्यापासून त्या वळ्यांवरून हात फिरवल्याशिवाय मी पुढे जात नाही.

सागाच्या पानांची अळ्यांनी पार जाळी केलेली पाहून मी ‘मरणाच्या वाटेवर’ लिहिलं होतं, ते खोडलं. साग त्यातून सहसा सावरतो, वाढ तेवढी खुंटते. उलट एका झाडाची साल कुणीतरी कुऱ्हाडीनं गोल कडं काढावं तशी सोलली होती, अन् वर पानं हिरवीगार. पाणी लाकडातून चढत राहतं, पण पानांनी केलेलं अन्न सालीतून खाली उतरेनासं होतं. मुळं उपाशी मरतात, तेही सावकाश. माझ्या घशात आवंढा आला.

त्याच्यापुढे मी ‘जिवंत’ लिहिलं, कारणात ‘माणूस’, आणि पुन्हा येऊन बघायचं म्हणून क्रमांकाखाली दोन रेघा ओढल्या.