गादी टाकली म्हणून गाडी कॅम्पर होत नाही

आमच्या नेरुळच्या ट्रेकिंग ग्रुपवर सध्या सगळ्यांनाच कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी, करायचीय. कुणी मारुतीची सेकंडहँड ईको शोधतंय, कुणी फोर्सची ट्रॅव्हलर, आणि चर्चा काय तर प्लाय मरीन घ्यायचं की साधं, इन्व्हर्टर केवढा लागेल, टपावर सोलर बसेल का. गाडी सरकारदरबारी कशात मोजली जाणार हे कुणी विचारतच नाही. मला विचाराल तर पहिला प्रश्न तोच, कारण स्पीड लिमिट, टोल, टॅक्स, इन्शुरन्स सगळं त्या एका नोंदीवर अडकलेलं असतं.

ईकोच घ्या ना. पाच सीटरवाली आणि कार्गोवाली, लांबून बघितली तर पत्रा तोच, नाक तेच, सरकता दरवाजा तोच. पण पाच सीटर म्हणजे एम-1, ड्रायव्हर सोडून आठपर्यंत सीट असलेली पॅसेंजर गाडी, आणि कार्गो म्हणजे एन-1, मालवाहू. केंद्र सरकारने एप्रिल 2018 मध्ये वेगमर्यादा ठरवल्या त्यात एम-1 ला एक्सप्रेसवेवर 120, चार किंवा जास्त लेनच्या डिव्हायडरवाल्या रस्त्यावर 100, आणि शहरात व बाकी रस्त्यांवर 70 आहे. मालवाहूला एक्सप्रेसवे असो की चार लेन, 80 च, बाकी ठिकाणी 60. हे वरचे आकडे झाले, राज्य सरकार त्याच्या खाली आणू शकतं, म्हणून तर कळंबोलीहून पुणे एक्सप्रेसवेला लागलात की सपाटीला कारला 120 नाही, 100 चा बोर्ड दिसतो. अटल सेतूवरही कारला 100 च.

आता कार्गो स्वस्तात मिळते, मागे सीट नाहीत त्यामुळे जागा मोकळी, पलंग आयता बसतो, म्हणून सगळ्यांचा डोळा तिच्यावर. पण आत पलंग टाकला, पडदे लावले, कोपऱ्यात छोटं सिंक केलं तरी आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, ती मालगाडीच. शिवाय ट्रान्सपोर्ट गाड्यांना 80 चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र, लागतो, काही प्रकार वगळले आहेत पण मालाची व्हॅन त्यात नाही, त्यामुळे ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी 80 ला अडखळते आणि मागून कारवाले डिपर मारत बसतात. (गव्हर्नर काढून देतो म्हणणारे भेटतात. नको.)

ट्रॅव्हलरवाल्यांचं गणित वेगळं. बारा सीटर घ्यायची, चार सीट ठेवायच्या, बाकी काढायच्या, म्हणजे झाली एम-1, असं आमच्यातला एकजण छातीठोकपणे सांगतो. असं होत नाही रे बाबा. ड्रायव्हर सोडून नऊ किंवा जास्त सीट म्हणजे एम-2, तिला एक्सप्रेसवेवर 100, चार लेनवर 90, बाकी 60, आणि सीट म्हणजे आरसीवर लिहिलेल्या सीट, तुम्ही नटबोल्ट काढून माळ्यावर टाकलेल्या नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं की कंपनीने दिलेले जे तपशील आरसीवर आहेत त्यांच्याशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

तुर्भ्याला एमआयडीसीत टेम्पोच्या बॉड्या करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे मित्राबरोबर गेलो होतो. आम्ही मोबाईलवर डिझाईन दाखवतोय आणि ते म्हणतात, "फर्निचर राहू द्या हो, आरसी दाखवा आधी." मग चष्मा कपाळावरून खाली घेऊन तीन ओळींवर बोट ठेवलं, व्हेईकल क्लास, सीटिंग, अनलेडन वेट म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. शंभर लिटरची पाण्याची टाकी भरली की शंभर किलो तिथेच गेले, वर प्लाय, बॅटरी, माणसं, आणि गाडीची एकूण वजनाची मर्यादा काय वाढत नाही. मित्र टाकी कमी करायला तयार होईना, तो वाद पामबीचपर्यंत चालला.

रीतसर मार्ग नाही असं नाही. 2004 च्या केंद्राच्या अधिसूचनेत खाजगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्ट गाड्यांच्या यादीत आहेच, गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' पोर्टलवर तसा क्लास आहे, मोटर कॅराव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं वेगळं स्टँडर्डही आहे. भाड्याने द्यायची तर ती वेगळी भानगड, राज्याने 2021 मध्ये त्यासाठी कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलंय. पण आधी परवानगी, मग काम, मग आरटीओ तपासणी आणि आरसीवर नोंद, हा क्रम. आपल्याकडे लोक बरोब्बर उलटा चालवतात.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये असतो, त्याने फोर्डची ट्रान्झिट व्हॅन घेऊन स्वतः कॅम्पर बनवली. तिकडचा प्रकार ऐकून मी चाटच पडलो. साध्या मालाच्या व्हॅनला तिथे बिनडिव्हायडरच्या मोकळ्या रस्त्यावर ताशी 50 मैल आणि डिव्हायडरवाल्यावर 60, पण तीच गाडी राहण्याजोगी झाली आणि रिकामं वजन 3.05 टनांच्या आत असलं तर कारसारखं 60 आणि 70. मोटरवेवर दोघींना 70 च. आणि राहण्याजोगी कशावरून, तर आतल्या सोयी कायमच्या बसवलेल्या हव्यात, गुंडाळून नेता येईल अशी गादी चालत नाही. पण डीव्हीएलएच्या, म्हणजे तिकडच्या गाड्या नोंदवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, कागदावर मोटर कॅराव्हॅन लिहून यायला ते बाहेरून बघतात, खिडक्या, राहायच्या भागाला वेगळं दार, दोन्ही बाजूंना चित्रं, ऑनिंगचा (बाजूला ओढायच्या कापडी छपराचा) दांडा, उंच टप. वर उचलायचा पॉप-टॉप त्यात धरतच नाहीत. त्यामुळे कागदावर नुसती खिडक्यांची व्हॅन आणि वेगाच्या हिशोबात कॅम्पर अशी गाडी तिथे बिनदिक्कत असू शकते. कॅमेऱ्याने पकडलं तर आतले फोटो दाखवत समजावत बसायचं. भाऊ म्हणतो हे जास्त न्याय्य आहे, गाडी खरी काय आहे ते तरी बघतात. असेल. मला आपल्याकडचं बरं वाटतं, सुरुवातीला कटकट आहे पण पुढे पोलीस आणि मालक दोघं एकच ओळ वाचतात, वादाला जागा कमी.

ग्रुपवर मी एवढंच सांगितलंय की टोकन द्यायच्या आधी विकणाऱ्याकडून आरसीचा फोटो मागवा, आणि फक्त शनिवार-रविवार भटकायचंय तर कार्गोच्या नादाला न लागता पाच सीटर ईको घ्या, सीट जागच्या जागी ठेवा, बोल्ट न मारता वर सुटी फळी आणि गादी टाका, संध्याकाळी काढून घरात ठेवता येईल अशी. ते सामान झालं, बदल नाही. आणि शेगडी गाडीच्या बाहेर पेटवा, आत सिलेंडर नको.