आई समोर बसलेली असताना

जपानी शाळांमध्ये निरोप समारंभाची जी तालीम चालते, तिच्यावर माझा राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. माझी लेक या मार्चमध्ये सहावी संपवून प्राथमिक शाळेतून बाहेर पडली. त्याआधी कितीतरी आठवडे रोज सराव. दाखला घेताना आधी डावा हात पुढे, मग उजवा, मग कमरेतून वाकायचं, मग एक पाऊल मागे. घरी ती जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेऊन आरशासमोर हेच करत बसायची. हॉल गारठलेला, आणि सगळ्यांनी खुर्चीवरून एकाच क्षणी उठायचं. एखादं पोर मागे राहिलं की सगळे पुन्हा खाली, पुन्हा वर. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून ती कुरकुरायची, आणि मी नवऱ्याला म्हणायची, कृतज्ञता ही काय पाढ्यांसारखी घोटून घ्यायची गोष्ट आहे का? आमच्या कऱ्हाडच्या शाळेत दहावीला निरोप समारंभ झाला तेव्हा कुणी तालीम घेतली नव्हती, तरी आम्ही बाईंच्या गळ्यात पडून रडलोच होतो.

मात्र आमच्या त्या समारंभाला आईवडिलांना बोलावलेलं नव्हतं. हे मला आत्ता जाणवलं, आणि त्याला कारण एक गाणं.

दाखले वाटून झाल्यावर मुलं वळली, आम्हा पालकांकडे तोंड करून उभी राहिली आणि त्यांनी 'मिराई ए', म्हणजे 'भविष्याकडे', गायलं. वर्गातलीच एक मुलगी पियानोवर होती. हे गाणं किरोरो या जोडीचं. चिहारु तामाशिरो गाते, आयानो किंजो पियानो वाजवते. दोघी जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटावरच्या योमितान गावच्या, शाळेपासूनच्या मैत्रिणी. १९९८ च्या जानेवारीत त्यांचं 'नागाई आइदा' आलं, इतके दिवस वाट पाहायला लावली म्हणून माफी मागणारं प्रेमगीत, आणि त्या देशभर पोचल्या. त्याच वर्षी 'मिराई ए' आलं. २००१ मध्ये 'बेस्ट फ्रेंड' हे एनएचके या जपानी सार्वजनिक वाहिनीच्या 'चुरासान' या ओकिनावातल्या मालिकेचं शीर्षकगीत झालं, त्यामुळे या जोडीची ओळख जपानी घराघरात आहे. कराओकेत अजूनही ही तीन गाणी कुणी ना कुणी लावतंच. पण शाळांनी उचललं ते 'मिराई ए'. कितीतरी शाळांत मार्च आला की हे ऐकू येतं.

चिहारुने ते आपल्या आईसाठी लिहिलं. त्यात आई लहान मुलीला सांगते, पायाखाली बघ, हीच तुझी वाट. आता समोर बघ, ते तुझं भविष्य. पुढे मुलगी मोठी होते आणि चक्क कबूल करते की आईच्या मायेचा कधीकधी वैताग यायचा, दूर झाले त्या दिवशीही मनातलं बोलता आलं नाही. या ओळीवर मी हातातल्या रुमालाचा बोळा केला. बारा वर्षांची मुलं हे गातायत, आणि ज्यांच्याबद्दल गातायत त्या बाया चार हातांवर काळ्या सुटात, छातीला फूल लावून बसल्या आहेत.

आपली आईची कविता आठवून बघा. माधव ज्यूलियन घ्या, कवी यशवंत घ्या. शाळेत पाठ करताना गळा दाटून यायचा, पण त्या कवितांतली आई नाहीये. ती गेलेली आहे आणि लेकरू मागे हाका मारतंय. त्या कवितांपुढे आजही मान झुकते, आणि भाषेच्या श्रीमंतीत हे जपानी गाणं त्यांच्या जवळपासही येत नाही, शब्द अगदी साधे आहेत. पण जिवंत, समोर बसलेल्या आईला, तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचं गाणं आपल्याकडे शाळेने कधी शिकवलं, मला आठवत नाही.

माझ्या शेजारी तैवानची एक आई होती. तीही डोळे पुसत होती, पण वेगळ्याच कारणाने. रेने लिऊ या तैवानी गायिकेने याच चालीवर चिनी गाणं गायलं आणि ते तिकडे प्रचंड गाजलं. ते आहे हातून निसटलेल्या पहिल्या प्रेमाबद्दल. 'नागाई आइदा'चीही चाल तिने घेतली होती. एकाच पियानोवर आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या माणसांसाठी रडत होतो.

घरी आल्यावर मी योमितानबद्दल वाचत बसले. लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास, तरी नगरपालिका नाही. जपानमधलं सर्वांत मोठं खेडं. १ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य ओकिनावाच्या मुख्य बेटावर उतरलं ते याच भागातल्या किनाऱ्यांवर, आणि बेट जपानला परत मिळालं १९७२ मध्ये. म्हणजे गाण्यातल्या आईच्या पिढीचं बालपण परक्या अमलाखाली गेलं. गाण्यात याचा एक शब्द नाही, बेटाचं नावसुद्धा नाही. पण पायाखाली बघ, मग समोर बघ, हे सांगणारी बाई कुठल्या जमिनीवर उभी आहे हे कळल्यापासून मला ती ओळ जड वाटते.

माझी जपानी मैत्रीण म्हणते, आम्ही एरवी घरात असं काही बोलत नाही, म्हणून तर गाण्यातून बोलतो. मी तिला सांगितलं, आम्हीही बोलत नाही. आईला थँक्यू म्हटलं तर ती विचारेल, बरी आहेस ना? आपल्यात ते पाया पडण्यात येतं, फोनवर 'जेवलीस का' विचारण्यात येतं. लेक परदेशी राहिली म्हणजे आईला विसरली असं नातेवाईक म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही. रोज रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडच्या सहाला, मी फोन करते. गावात राहणारी किती मुलं आईशी रोज अर्धा तास बोलतात?

तरी गाण्याची क्लिप आईला पाठवली. तिला शब्द कळले नाहीत. ती म्हणाली, "पोरं किती सरळ उभी आहेत गं, एकही हललं नाही. मेहनत घेतलीय बाईंनी." मी तिला गाण्याचा अर्थ सांगू लागले. वैतागाच्या ओळीशी पोचले तेव्हा ती म्हणाली, "मग? पोरी वैतागतातच."

धाकट्याचा समारंभ असेल तेव्हा आईला इथे आणायचं मी ठरवलंय. इकडची मार्चमधली थंडी तिला सोसवणार नाही असं दादा म्हणतो. शाल नेता येते, तिला पुढच्या रांगेत बसवता येतं, आणि अर्थ तिला आता ठाऊक आहे.