डिकीतलं भोक

मेढ्याच्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. घाटातून आलेली गाडी बहुतेक क्लच नाहीतर ब्रेकसाठी दारात उभी राहते. यंदाच्या पावसाळ्यात एक कुटुंब आलं ते सायलेन्सर फार वाजतोय म्हणून. बोलता बोलता वहिनी म्हणाल्या, "मिस्त्री, पोरांना हल्ली केळघर घाटात फार गाडी लागते. डोकं धरून बसतात, पेंगतात. एसटीत मात्र काही होत नाही."

एसटीत होत नाही म्हटल्यावर मी वेल्डिंगचा विचार सोडला आणि गाडी रॅम्पवर घेतली.

इंजिन गार होतं. पोऱ्याला सायलेन्सरच्या तोंडाशी जाड ओलं फडकं धरायला लावून गाडी चालू केली. मागच्या डब्याच्या सांध्यातून फसफस सुरू झाली, भोवती काजळीही होती. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. रोज बाजारापुरतीच गाडी फिरवली की डबा नीट तापत नाही, ते पाणी आत साचतं आणि पत्रा सडतो. पण एवढ्यानं पोरं पेंगत नाहीत.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या डब्यावर, रबरी हातोडी टेकवली, तर आवाज पोकळ. गाडी सेकंडहँड. आतली जाळी आधीच कुणीतरी काढून विकलेली. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर असतो ना! म्हणजे कार्बन मोनॉक्साइड जसाच्या तसा बाहेर. त्याला ना रंग, ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो.

आता तो आत येतो कुठून? डिकीतलं मॅट उचललं. रिव्हर्स कॅमेऱ्याची वायर न्यायला कुणीतरी पत्र्याला भोक पाडलेलं, त्याला रबरी बूच नाही. त्यात दादा तंबाखूच्या पिचकारीसाठी पुढची काच खाली ठेवणारे. चालत्या गाडीत पुढून हवा बाहेर खेचली जाते आणि मागून धूर आत. थोडाफार वास आला असता, तोही डॅशबोर्डवरच्या अत्तरानं झाकला.

दादांनी पीयूसी काढून दाखवलं. पास! त्या कागदावर मी काही बोललो नाही.

"डब्याला वेल्डिंग मारा, कन्व्हर्टरचं नंतर बघू. पिकअप तर चांगला आहे," दादा म्हणाले. मी नाही म्हणालो. वहिनी त्यांच्याकडे वळल्या, "नवा मोबाइल पुढच्या वर्षी घ्या."

नवा डबा, नवं पॅकिंग, लोंबलेली हँगर रबरं आणि भोकाला बूच एवढं लगेच झालं. कन्व्हर्टर पुण्याहून यायचा होता. तो येऊन बसेपर्यंत दादांना किल्ली काही मी दिली नाही.